बंद डब्यात शिजलेले फर्मवेअर

उन्हाळ्यात सूर्य मावळला की नागझिऱ्याच्या जंगलात रातवा बोलू लागतो. तो नेमका केव्हा बोलू लागतो आणि त्या वेळेचा उतरत्या तापमानाशी काही संबंध आहे का, एवढाच आमचा प्रश्न होता. त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने दोन उन्हाळे आम्ही काही पेट्या ऐन आणि धावड्याच्या झाडांना बांधल्या. प्रत्येक पेटीत एक मायक्रोकंट्रोलर, एक मायक्रोफोन, डीएस१८बी२० या नावाने बाजारात मिळणारा तापमान-संवेदक, मेमरी कार्ड आणि बॅटरी. पेटी संध्याकाळभर आवाज टिपत असे आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहून ठेवत असे.

दुसऱ्या उन्हाळ्याचे आकडे मांडले तेव्हा एक नवलाची गोष्ट दिसली. पहिल्या वर्षाच्या तुलनेत रातवा एक-दीड अंश अधिक तापमान असतानाच बोलू लागला होता. हवामानबदलाच्या दिवसांत असा निष्कर्ष हाती लागला की संशोधकाचे पाय जमिनीवर राहत नाहीत. निबंधाचे शीर्षकसुद्धा माझ्या मनात तयार झाले होते.

तो निबंध लिहिला गेला नाही, याचे श्रेय एका वनरक्षकाचे. संरक्षण कुटीच्या भिंतीवर एक साधा तापमापक टांगलेला होता आणि रोज संध्याकाळी सहा वाजता त्यावरचा आकडा ते आपल्या नोंदवहीत लिहीत. आमची एक पेटी कुटीशेजारीच होती. आमचा छापील तक्ता आपल्या वहीशेजारी ठेवून, दोन्हींवर बोट फिरवत ते म्हणाले, "सर, तुमची मशीन अर्धा घंटा मागं चालते जी. माझा सहाचा आकडा तुमच्या साडेसहाच्या ओळीत हाये."

पेटीतले घड्याळ तपासले, ते बरोबर होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळाही बरोबर होत्या. तापमान तेवढे अर्धा तास शिळे होते.

हा अर्धा तास आला कुठून, हे आधी सांगतो. मग अशा दुखण्यावर आज जो उपाय सर्रास सुचवला जातो, म्हणजे फर्मवेअर कंटेनरमध्ये बांधणे, त्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. उपाय चांगला आहे. पण त्याची जेवढी तारीफ होते तेवढी त्याची योग्यता नाही, असे माझे मत झाले आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेवर मावणारा छोटा संगणक. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असलेल्या शाळांतील शिक्षकांनी आर्डुइनो उनो हा बोर्ड हाताळलेला असेल. त्यावरील एटीमेगा३२८पी या चिपेत आज्ञावली साठवायला ३२ किलोबाइट आणि चालू आकडेमोडीसाठी अवघी २ किलोबाइट जागा असते. एवढ्याशा जागेत कंपायलर मावणे शक्य नाही. म्हणून आज्ञावली लिहायची मोठ्या संगणकावर, तिचे यंत्रभाषेत रूपांतरही तिथेच करायचे आणि तयार झालेली फाइल तारेने चिपेत उतरवायची. चिपेत जाऊन बसलेली ही आज्ञावली म्हणजे फर्मवेअर.

आता लक्षात घ्या, आपण सी भाषेत लिहितो ते एक आणि चिपेत जाते ते दुसरेच. दोहोंच्या मध्ये कंपायलर असतो, त्याची विशिष्ट आवृत्ती असते, त्याला दिलेले पर्याय असतात आणि इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी असतात. यांपैकी काहीही बदलले तर मूळ आज्ञावलीतील एक अक्षरही न बदलता चिपेतील आज्ञावली बदलू शकते. आमच्या बाबतीत हेच झाले.

डीएस१८बी२० हा संवेदक बारा बिटांच्या अचूकतेने तापमान मोजतो तेव्हा त्याला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. आमच्या आज्ञावलीत मोजणी सुरू करण्याचा हुकूम होता, नंतर वेळ काढण्यासाठी काहीही न करणारे एक रिकामे आवर्तन होते आणि त्यानंतर आकडा वाचण्याचा हुकूम होता. पहिल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीने आपल्या लॅपटॉपवर हे फर्मवेअर बांधले. तिथे विकसन-साधनाची मांडणी चाचणीसाठीची, म्हणजे 'डीबग' होती. या मांडणीत कंपायलर आज्ञावलीवर कसलीही काटकसर करत नाही, जे लिहिले तेच जसेच्या तसे उतरवतो. पुढे ती नोकरीला लागली, लॅपटॉप पुसून दुसऱ्या कामाला गेला. दुसऱ्या वर्षी नव्या विद्यार्थ्याने तीच आज्ञावली घेऊन 'रिलीज' मांडणीत बांधली. बॅटरी वाचावी हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच होता. या मांडणीत कंपायलर फालतू वाटेल ते काढून टाकतो. रिकामे आवर्तन काही मोजत नाही, कुठे काही लिहीत नाही. कंपायलरने ते वगळले. सी भाषेच्या नियमांप्रमाणे यात त्याची काहीच चूक नाही, कारण त्या भाषेत काळ नावाची गोष्टच नाही. एके काळी जीसीसी हा कंपायलर अशी रिकामी आवर्तने राखून ठेवत असे, कारण ती कोणीतरी वेळ काढण्यासाठीच लिहिली असणार असे गृहीत धरले जाई. ते धोरण पुढे बदलले.

मग संवेदकाचे काय झाले? मोजणीचा हुकूम मिळाल्यावर लगेच आकडा मागितला गेला. नवी मोजणी अजून व्हायची होती, म्हणून त्याने आपल्याजवळ शेवटचा पुरा झालेला आकडा दिला. तो आकडा होता अर्ध्या तासापूर्वीचा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अर्ध्या तासात पारा एक-दीड अंशाने सहज उतरतो, म्हणून आमच्या तक्त्यात रातवा अधिक उष्ण हवेत बोलत होता.

मला अधिक लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. वीज मिळताच, पहिली मोजणी होण्याआधी, या संवेदकाच्या स्मृतीत ८५ अंश हा ठरावीक आकडा असतो. तसे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले आहे. दुसऱ्या वर्षाच्या आमच्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ ८५ अंश दाखवत होती. सुरुवातीचा काही गोंधळ असेल म्हणून आम्ही ती ओळ प्रत्येक फाइलमधून खोडली. सगळा खुलासा त्या एकाच ओळीत होता.

खात्री करून घ्यायला जुने फर्मवेअर हवे होते आणि ते कोणाकडेच नव्हते. पहिल्या उन्हाळ्यात वानरांनी ओढून फोडलेली एक पेटी कपाटात पडून होती, तेवढी मात्र सापडली. तिच्या चिपेतून जुनी आज्ञावली वाचून घेतली, नव्या पेटीत भरली आणि टेबलावर चालवली. तापमान वेळच्या वेळी येऊ लागले. वानरांचे उपकार एवढ्यासाठी मानायचे की त्यांनी ती पेटी दुसऱ्या वर्षी वापरण्याजोगी ठेवली नाही.

ही हकीकत एका चर्चेत सांगितली तेव्हा एकाच वेळी तीन-चार जण म्हणाले, "कंटेनर का नाही वापरला?"

कंटेनर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लग्नाला येणारा जुना आचारी आपली कढई, झारा, मसाल्याचा डबा, सगळे बरोबर घेऊन येई. यजमानाने फक्त पाणी आणि सरपण पुरवायचे. कंटेनर तसाच असतो. कंपायलर, लायब्ररी, लागणारी इतर साधने आणि त्यांची मांडणी एका गठ्ठ्यात बांधलेली असते. या गठ्ठ्याला प्रतिमा म्हणतात. ती कोणत्याही संगणकावर उघडली की आत तेच स्वयंपाकघर मिळते. पाणी आणि सरपण, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, तेवढा यजमान संगणकाचा वापरला जातो. मूळ कल्पना जुनी आहे. आज्ञावलीला फायलींचा एक मर्यादित भागच दाखवण्याची सोय युनिक्समध्ये १९७९ साली आली. ती सर्वांच्या हाती सोपी होऊन पोचली ती २०१३ मध्ये डॉकर या साधनामुळे. आता झेफर प्रकल्प, ईएसपी३२ चिपा बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी आणि असे अनेक जण आपल्या बांधणी-साधनांच्या तयार प्रतिमा पुरवतात. आपल्या लॅपटॉपवर काहीही न बसवता एका ओळीच्या हुकुमाने फर्मवेअर तयार होते. ज्याने एखाद्या बोर्डासाठी साधने बसवताना दोन दिवस घालवले आहेत, त्याला ही सोय वरदान वाटते, आणि ती आहेच.

तर मग कंटेनरने आम्हाला वाचवले असते का?

पहिल्या वर्षीच कंटेनर केला असता तर 'डीबग' हा पर्याय बांधणीच्या हुकमात लिहिला गेला असता आणि दुसऱ्या वर्षी तोच वापरला गेला असता. दोन्ही वर्षांचे आकडे जुळले असते. हा फायदा खराच. पण आवर्तनाची चूक मात्र तशीच राहिली असती. आमची आज्ञावली पहिल्या वर्षीही चुकीचीच होती. कंपायलर आळशी होता म्हणून उत्तर बरोबर येत होते. कंटेनरने तो योगायोग जपून ठेवला असता. आणि दुसऱ्या वर्षीच्या मांडणीचा कंटेनर केला असता तर? प्रत्येक पेटी, प्रत्येक वर्षी, इमानाने अर्धा तास मागे चालली असती, आणि वर्षावर्षांतला फरक, ज्यामुळे संशय घ्यायला जागा झाली, तोही उरला नसता.

इथेच माझी मुख्य तक्रार आहे. कंटेनरविषयी बोलताना पुनरावृत्ती आणि अचूकता या दोन गोष्टी एकाच श्वासात उच्चारल्या जातात. प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतो की वजनकाटा दर वेळी तेच वजन दाखवतो एवढ्याने तो बरोबर ठरत नाही. त्यावर दुसऱ्या ठिकाणचे प्रमाणित वजन ठेवून पाहावे लागते. फर्मवेअरलाही हाच न्याय लावायला हवा. एक बांधणी गोठवून ठेवा, आणि तपासणीसाठी तीच आज्ञावली मुद्दाम दुसऱ्या कंपायलरने, दुसऱ्या पर्यायांनी बांधून दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवा. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी हेच नकळत केले, फक्त मध्ये एक वर्ष गेले. त्यांनी एकाच टेबलावर केले असते तर तासाभरात चूक सापडली असती.

डेबियन या मुक्त प्रणालीचे कार्यकर्ते २०१३ पासून पुनरुत्पादनीय बांधणीवर काम करत आहेत. त्यांची रीत मला शिकण्यासारखी वाटते. ते एक बांधणी झाली की तारीख, कालविभाग, फोल्डरचे नाव, संगणकाचे नाव अशा गोष्टी मुद्दाम बदलून तीच बांधणी पुन्हा करतात आणि दोन्ही फायली बाइटन् बाइट ताडून पाहतात. त्यांचा हेतू माझ्यापेक्षा वेगळा आहे. फाइलमध्ये कोणी गुपचूप काही मिसळले नाही ना, हे त्यांना पाहायचे असते. पण परिस्थिती हलवून पाहण्याची वृत्ती तीच. कंटेनरचा सारा भर परिस्थिती हलू न देण्यावर.

आणि ती तरी खरोखर हलत नाही का? एस्प्रेसिफच्या प्रतिमेचे उदाहरण घ्या. तिला तीन प्रकारच्या खुणा लावता येतात. एक विशिष्ट आवृत्तीची, जी त्या आवृत्तीलाच बांधलेली असते. दुसरी एखाद्या शाखेची, जिच्यात दुरुस्त्या येत राहतात. तिसरी 'लेटेस्ट', म्हणजे मुख्य शाखेवर आज जे असेल ते. खूणच लावली नाही तर तिसरी गृहीत धरली जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात हा भेद नीट सांगितला आहे. पण तिथला नमुन्याचा हुकूम मात्र बिनखुणेचा आहे, आणि नवशिक्या नेमका तोच उचलतो. त्याला वाटते आपण बांधणी गोठवली. प्रत्यक्षात त्याने मसाल्याच्या डब्यावर "बाजारात मिळेल तो" अशी चिठ्ठी लावलेली असते. प्रतिमेचे पक्के नाव म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला चौसष्ट अक्षरांचा ठसा. तो लिहायला कंटाळवाणा आहे, पण दुसरे काही पुरेसे नाही.

ठसा लिहिला तरी प्रतिमा जागेवर राहील याची हमी नाही. मार्च २०२३ मध्ये डॉकर कंपनीने आपल्या कोठारातील संघटनांसाठीची मोफत खाती बंद करण्याचे जाहीर केले. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. ज्यांचे सगळे काम त्या कोठारावर अवलंबून होते त्यांना तेवढे दिवस झोप लागली नसेल. साकोलीच्या मुक्कामी मोबाइलवरून अशी प्रतिमा उतरवण्याचा प्रयत्न मी एकदा केला आहे. काही गिगाबाइटांचा गठ्ठा रात्रभर थेंब थेंब झिरपत होता आणि पहाटे तुटला. जंगलात जाताना प्रतिमेची प्रत आपल्या डिस्कवर असलीच पाहिजे, हे शहाणपण मला त्या रात्री आले.

आणखी एक फट आहे. कंटेनरमध्ये फाइल तयार होते, पण ती चिपेत उतरवण्याचे काम बहुधा कंटेनरच्या बाहेर होते. विंडोज संगणकावर कंटेनरच्या आतून यूएसबीच्या तारेपर्यंत पोचायला वेगळी खटपट लागते, म्हणून लोक फाइल बाहेर काढतात आणि हाताने भरतात. घाईत मागच्या आठवड्याची फाइल भरली गेली तर कंटेनरला त्याचा पत्ता नसतो. शेवटी पेटीत काय आहे हे चिपेतून परत वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

याचा नागझिऱ्याशी संबंध केवळ आमच्या पेट्यांपुरता नाही. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या परिसरातून आणलेल्या दोन वाघिणी या जंगलात सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेल्या कॉलर होत्या. वाघीण कुठे आहे, गावाकडे सरकते आहे का, हे कॉलरच्या आकड्यांवरून ठरते आणि माणसांना सावधही त्यावरूनच केले जाते. अशा बाजारी उपकरणांतील फर्मवेअर सहसा बंद असते. ते कशाने, कोणत्या पर्यायांनी बांधले हे वापरणाऱ्याला कळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' किंवा किरण पुरंदरे यांचे 'सखा नागझिरा' वाचताना निरीक्षण कशाने केले आहे हे वाचकाला ठाऊक असते: डोळे, कान, वही. आजच्या अहवालात उपकरणाचे नाव येते आणि तिथेच थांबते.

खुल्या उपकरणांचे काय? ऑडिओमॉथ या ध्वनिमुद्रकाचे उदाहरण चांगले आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी तो बनवला आणि २०१८ मध्ये त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र, सेकंदाला ३,८४,००० नमुने टिपण्याची क्षमता, आणि फर्मवेअरची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली. मेमरी कार्डावर ते मांडणीची एक छोटी मजकूर-फाइल ठेवते आणि तीत फर्मवेअरचे नाव व आवृत्ती असते. हे फार महत्त्वाचे आहे. संशोधकाने विसरायचे ठरवले तरी आकड्यांबरोबर फर्मवेअरची ओळख राहते. माझी हरकत एवढीच की आवृत्तीचा क्रमांक मूळ आज्ञावलीत लिहिलेला असतो. कोणी ती स्वतः वेगळ्या पर्यायांनी बांधली तरी क्रमांक तोच दिसेल. आमच्या पेट्यांवरही दोन्ही वर्षे एकच क्रमांक होता.

ज्या शिक्षकांकडे आर्डुइनो आहे त्यांना हे सारे वर्गात दाखवता येईल. दिवा लावा, मग लाँग प्रकारच्या चलाने पाच लाखांपर्यंत मोजणारे एक रिकामे आवर्तन लिहा, दिवा विझवा, पुन्हा तसेच आवर्तन लिहा. दिवा लुकलुकायला हवा. तो लुकलुकणार नाही. थोडा मंद, पण अखंड पेटलेला दिसेल, कारण आर्डुइनोची नेहमीची मांडणी जागा वाचवण्याची आहे आणि आवर्तने वगळली गेली आहेत. आता चलाच्या आधी 'व्होलाटाइल' हा शब्द लिहा. त्याचा अर्थ, या चलाला हात लावू नकोस, असा कंपायलरला दिलेला इशारा. दिवा साधारण सेकंदासेकंदाने लुकलुकू लागेल. मुलांना दोन्ही वेळा तयार झालेल्या हेक्स फायलींचा आकार ताडून पाहायला सांगा. वेळ काढण्याची ही रीत तरीही वाईटच आहे. 'डिले' हा तयार हुकूम त्यासाठी आहे, तो चिपेतील घड्याळ पाहून थांबतो. आम्हीही आता संवेदकाला मोजणी झाली का असे विचारून, त्याने होकार दिल्यावरच आकडा वाचतो.

आणखी एक प्रयोग. आज्ञावलीत बांधणीची वेळ छापणारी ओळ घाला, तीच आज्ञावली दोनदा बांधा आणि फायली ताडा. थोडे बाइट वेगळे निघतील. एकाच कंटेनरमध्ये दोनदा बांधले तरी वेगळेच निघतील, कारण डब्यात सगळे बंद करता आले तरी घड्याळ बाहेरचेच चालत असते. आमच्या आज्ञावलीत अशी ओळ होती. ती काढल्यावरच दोन बांधण्यांचा ठसा जुळला.

दुसऱ्या उन्हाळ्याचे आकडे टाकून द्यावे लागले नाहीत. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचे तापमान होते, म्हणून ८५ ची ओळ काढून सारा स्तंभ एक घर वर सरकवला. प्रत्येक फाइलमधली शेवटची वेळ तेवढी बिनतापमानाची राहिली. दोन वर्षांतला तो एक-दीड अंशाचा फरक नाहीसा झाला आणि रातवा दोन्ही वर्षी जवळजवळ सारख्याच हवेत बोलत होता असे दिसले.

तिसऱ्या उन्हाळ्यात पेट्या पुन्हा लावल्या. प्रत्येक पेटीवर तिच्या चिपेतून परत वाचलेल्या फर्मवेअरच्या ठशाची पहिली आठ अक्षरे चिकटवली होती. वनरक्षकांनी ती आपल्या नोंदवहीत पेटीच्या क्रमांकापुढे उतरवून घेतली आणि त्याखाली त्या दिवशीचे सहाचे तापमान लिहिले.